इ. स. १९७० : एका मृत विजेत्याचें वर्ष

धायरीस राहणाऱ्या माणसाला दोन गोष्टी टाळतां येत नाहींत. एक, नैर्ऋत्येकडे मान वळविली कीं दिसणारा सिंहगड. आणि दुसरी, निजानीज झाल्यावरहि पूर्वेकडून अखंड ऐकूं येणारी महामार्गाची घरघर. पहिली मनाला मागें नेते, दुसरी झोप येऊं देत नाहीं. या दोहोंच्या मध्यें कोठें तरी प्रस्तुत लेखाचा विषय आम्हांस सांपडला. तो विषय या गांवाचा नाहीं, या देशाचाहि नाहीं, हें आरंभींच सांगून टाकणें बरें.

सिंहगडाची कथा वाचकांस नव्यानें सांगण्याची गरज नाहीं. ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्रीं तानाजी मालुसऱ्यांनीं कोंढाणा घेतला आणि ते स्वतः तेथेंच पडले. 'गड आला पण सिंह गेला' हे उद्गार त्या प्रसंगाला कायमचे चिकटले आहेत. संशोधक मंडळी सांगतात कीं, सिंहगड हें नांव त्या रात्रीच्या आधींच्या कागदांतहि आढळतें; तेव्हां या वाक्याची उत्पत्ति आपण समजतों तशी नसावी. नसेना! एखादें वाक्य साडेतीनशें वर्षें लोकांच्या तोंडीं टिकतें तें केवळ तें खरोखर उच्चारलें गेलें होतें म्हणून नव्हे. जिंकलेली वस्तु समोर आहे आणि ती ज्याच्या हातीं द्यावयाची तो मात्र नाहीं, ही स्थिति सांगावयास मराठींत याहून नेमके शब्द नाहींत, म्हणून तें टिकलें.

बरोबर तीनशें वर्षांनंतर, १९७० सालीं, मोटारींच्या शर्यतींत हीच स्थिति उत्पन्न झाली. योखेन रिंट नांवाचा २८ वर्षांचा ऑस्ट्रियन सारथि त्या वर्षाचा जगज्जेता ठरला. परंतु ठरला तेव्हां त्याला जाऊन महिना होत आला होता. ग्रां प्री शर्यतींच्या जागतिक अजिंक्यपदाला १९५० सालीं प्रारंभ झाला. तेव्हांपासून मृत्यूनंतर हें पद मिळालेला सारथि तो एकटाच. स्वराज्यासाठीं पडलेला वीर आणि बक्षिसासाठीं धांवणारा खेळाडू यांस एका पंक्तीस बसविण्याचा आमचा हेतु नाहीं, व तसा आरोप कोणी केल्यास तो आम्ही आधींच नाकारतों. तथापि त्या वर्षाचा गुणतक्ता प्रथम पाहिला तेव्हां आमच्या तोंडून जें वाक्य निघालें तें हेंच.

ग्रां प्री या फ्रेंच शब्दांचा अर्थ 'मोठें बक्षीस' इतकाच. या नांवाची पहिली मोठी शर्यत १९०६ सालीं फ्रान्समधील ल मां गांवाजवळच्या रस्त्यांवर झाली. आम्ही ज्या वर्षाविषयीं लिहीत आहों त्या वर्षीं मार्च ते ऑक्टोबर या अवधींत निरनिराळ्या देशांत १३ शर्यती व्हावयाच्या होत्या. पहिल्या येणाऱ्यास ९ गुण, दुसऱ्यास ६, मग ४, ३, २ व १. वर्षाअखेर ज्याचे गुण अधिक तो जगज्जेता. गाडी म्हणाल तर आपल्या जुन्या अँबॅसडर मोटारीच्या निम्म्याहूनहि कमी वजनाची. पण तिच्या इंजिनाची शक्ति चारशें घोड्यांहून अधिक. पाठीशीं इंजिन, दोहों कुशींस पेट्रोलच्या टाक्या, आणि त्यांच्या मध्यें जवळजवळ उताणा निजलेला माणूस. तिला मोटार म्हणण्यापेक्षां चार चाकांवर बसविलेला बाण म्हणावें.

खेड-जुन्नरकडचा बैलगाड्यांचा घाट ज्यांनीं पाहिला आहे त्यांना वेगाची नशा समजावून द्यावी लागत नाहीं. पुढें धांवणारी घोडी, मागें मातीचा लोट उडवीत येणारे बैल, आणि दोहों बाजूंस माणसांचा समुद्र. बारी कांहीं सेकंदांत संपते, पण तिची चर्चा वर्षभर पुरते. या शर्यतींवर २०१४ सालीं सर्वोच्च न्यायालयानें बंदी घातली व डिसेंबर २०२१ मध्यें ती सशर्त उठविली. मधल्या काळांत जो वाद झाला तो बैलांच्या यातनांचा. बैल आपण होऊन शर्यतींत उतरत नाहीं, हा त्या वादाचा गाभा. मोटारींच्या शर्यतींत हा प्रश्नच उद्भवत नाहीं असें प्रथमदर्शनीं वाटतें. येथें धांवणारा शहाणा, सज्ञान आणि स्वखुशीनें उतरलेला. परंतु १९७० सालची हकीकत वाचूं लागलें म्हणजे 'स्वखुशी' हा शब्द वाटला होता तितका सरळ राहत नाहीं.

रिंटचा जन्म १८ एप्रिल १९४२ रोजीं जर्मनींतील माइन्त्स शहरीं झाला. बापाची मसाले दळण्याची गिरणी होती, आई ऑस्ट्रियन. मूल पंधरा महिन्यांचें असतांना, जुलै १९४३ मध्यें, हाम्बुर्ग शहरावर दोस्त राष्ट्रांच्या विमानांनीं जो अग्निवर्षाव केला त्यांत आईबाप दोघेहि गेले. आजीआजोबांनीं त्याला ऑस्ट्रियांतील ग्रात्स येथें नेऊन वाढविलें. नागरिकत्व जर्मन राहिलें, शर्यतीचा परवाना ऑस्ट्रियाचा निघाला, आणि ऑस्ट्रियन जनतेनें त्याला आपला मानला. पोरका, श्रीमंत आणि हट्टी, असा हा मुलगा. १९६४ सालीं लंडनच्या क्रिस्टल पॅलेस येथील दुय्यम दर्जाच्या शर्यतींत या अनोळखी पोरानें ग्रॅहम हिल या माजी जगज्जेत्याला मागें टाकलें. पुढच्या वर्षीं मास्टन ग्रेगरी या अमेरिकनाच्या जोडीनें त्यानें ल मां येथील चोवीस तासांची शर्यत जिंकली. तथापि ग्रां प्रीमध्यें यश त्याला लवकर वश झालें नाहीं. पांच वर्षें तो धांवत होता. पहिला विजय मिळाला तो ऑक्टोबर १९६९ मध्यें, अमेरिकेंतील वॉटकिन्स ग्लेन येथें.

तो विजय लोटस गाडीवरचा. लोटसचा जनक कॉलिन चॅपमन हा इंग्रज अभियंता असामान्य बुद्धीचा होता याविषयीं दुमत नाहीं. गाडीचें वजन घटविणें हा त्याचा ध्यास. जो भाग दोन कामें करील त्याच्याऐवजीं दोन भाग त्याला खपत नसत. जें जाड असेल तें बारीक कसें करतां येईल हें तो पाही. अशा गाड्या जिंकत, आणि अशा गाड्या मोडत. एप्रिल १९६८ मध्यें त्या काळचा सर्वश्रेष्ठ सारथि जिम क्लार्क होकेनहाइम येथें लोटस गाडींतच गेला होता. मे १९६९ मध्यें बार्सिलोनाच्या शर्यतींत लोटसच्या दोन्ही गाड्यांचे उंच पंख मोडून पडले, आणि दोन्ही गाड्या एकाच जागीं कठड्यावर आदळल्या. हिल वांचला, रिंटचा चेहरा फुटला. त्यानें अंथरुणावरूनच या पंखांविरुद्ध वृत्तपत्रांस उघड पत्र लिहिलें. चॅपमनलाहि त्यानें गाड्यांच्या ठिसूळपणाविषयीं लेखी तक्रार केली होती.

मग तो गेला कां नाहीं, असें वाचक विचारतील. आम्हांसहि तोच प्रश्न पडला. उत्तर कटु आहे. जगज्जेता व्हावयाचें तर सर्वांत वेगवान गाडी हवी, आणि सर्वांत वेगवान गाडी चॅपमनपाशीं होती. जगज्जेता झाल्यावर हा धंदा सोडावयाचा, असें तो पत्नीजवळ बोलत असे. नीना ही फिन्लंडची. तिचे वडीलहि शर्यतींत धांवलेले, तेव्हां या संसारांत काय मांडून ठेवलें आहे हें तिला माहीत होतें. पदरीं दोन वर्षांची मुलगी. एकच वर्ष, मग सुटका! हें गणित किती तरी घरांतून निरनिराळ्या धंद्यांविषयीं मांडलें जातें.

हंगामाचा आरंभ कोणास विशेष वाटावा असा नव्हता. ७ मार्च रोजीं दक्षिण आफ्रिकेंत जॅक ब्रॅबम जिंकला. हा ऑस्ट्रेलियन गृहस्थ ४३ वर्षांचा, तीन वेळां जगज्जेता झालेला, आणि स्वतःच्याच नांवाची गाडी हांकणारा. स्पेनमध्यें स्कॉटलंडचा जॅकी स्ट्यूअर्ट पहिला आला. त्याच शर्यतीच्या पहिल्या फेरींत फेरारीचा बेल्जियन सारथि जॅकी इक्स दुसऱ्या एका गाडीशीं टक्कर होऊन जळत्या गाडींतून भाजून बाहेर पडला. या इक्सचें नांव वाचकांनीं ध्यानांत ठेवावें.

मे महिन्यांतील मोनॅकोची शर्यत मात्र थोडी निवांतपणें सांगितली पाहिजे, कारण पुढच्या अंधारांत हाच एक दिवस निखळ आनंदाचा आहे. समुद्रकांठच्या या चिमुकल्या संस्थानांत शर्यत होते ती शहराच्याच रस्त्यांतून, हॉटेलांच्या व घरांच्या दारांवरून. रिंटला त्या दिवशीं जुनी गाडी मिळाली होती, कारण चॅपमनची नवी पाचरीच्या आकाराची गाडी अजून नीट चालत नव्हती. मधल्या फळींतून निघालेला हा सारथि पुढच्या गाड्या एकामागून एक बंद पडत गेल्या तसा वर चढला, आणि समोर एकटा ब्रॅबम उरला आहे असें दिसतांच भुतानें झपाटल्यासारखा धांवूं लागला. अंतर फेरीगणिक घटूं लागलें. शेवटच्या फेरीचें शेवटचें वळण आलें तरी ब्रॅबम पुढेंच होता. त्या वळणावर त्या अनुभवी माणसाला ब्रेक दाबावयास क्षणभर उशीर झाला, गाडी घसरून गवताच्या भाऱ्यांत शिरली, आणि रिंट बाजूनें निघून गेला. तीनशें मीटरहि वाट उरली नव्हती. बक्षीस घेतांना रिंट रडला, असें पाहणारे सांगतात.

२ जून रोजीं पहिला घाव पडला. ब्रूस मॅक्लारेन हा न्यूझीलंडचा सारथि इंग्लंडांतील गुडवुड येथें एक नवी गाडी तपासून पाहत असतां तिच्या मागच्या भागाचें पत्र्याचें आच्छादन उघडलें, गाडी भरकटली आणि रस्त्याकडेच्या एका बांधकामावर आदळली. तो ३२ वर्षांचा होता. लहानपणीं कमरेच्या हाडाच्या विकारानें तो फार दिवस अंथरुणास खिळून होता व त्याचा एक पाय कायमचा आंखूड राहिला. तरी २२ व्या वर्षीं त्यानें ग्रां प्री जिंकली आणि पुढें स्वतःच्या गाड्या बांधल्या. त्या गाड्या त्याच्या नांवानें अजून धांवतात. तपासणीच्या त्या दिवशीं ना प्रेक्षक होते ना बक्षीस.

२१ जूनला हॉलंडांतील झंडफोर्ट येथें, वाळूच्या टेकड्यांमध्यें, शर्यत होती. लोटसची नवी गाडी आतां सुधारली होती, आणि रिंट लवकरच पुढें गेला होता. मागें कोठें तरी पीअर्स करेज धांवत होता. इंग्लंडांतील एका प्रसिद्ध मद्योत्पादक घराण्याचा हा मुलगा घरची गादी सोडून या खेळांत आला होता. फ्रँक विल्यम्स नांवाच्या तेव्हां फारशा कोणास ठाऊक नसलेल्या माणसाच्या गाडीवर तो बसत असे. करेज आणि रिंट जिवलग मित्र, दोघांच्या बायकांचाहि घरोबा. एका वेगवान वळणावर करेजची गाडी सरळ टेकडींत घुसली व पेटली. त्या गाडीच्या घडणींत मॅग्नेशियम धातु होता. तो एकदां पेटला म्हणजे पाण्यालाहि जुमानत नाहीं. आसपासचीं झाडेंझुडपें जळलीं. शर्यत थांबविली गेली नाहीं. दर फेरीस रिंट त्या धुरांतून जात होता, कोणाची गाडी जळते आहे याचा विचार करीत होता, आणि पुढें होता. तो जिंकला. त्या विजयाच्या छायाचित्रांत गळ्यांत हार आहे, आणि चेहऱ्यावर विजयाची खूण नांवालाहि नाहीं.

त्यानंतर त्यानें हा खेळ सोडून देण्याचा विचार गंभीरपणें केला. पण सोडला नाहीं. जुलैंत फ्रान्समध्यें तो जिंकला. इंग्लंडांत ब्रँड्स हॅच येथें ब्रॅबमचें नशीब पुन्हां फुटलें. शेवटच्या फेरींत पुढें असतां त्याच्या गाडींतील पेट्रोल संपलें, आणि रिंट पुन्हां बाजूनें निघून गेला. ऑगस्टच्या आरंभीं जर्मनीची शर्यत नेहमींच्या न्यूर्बुर्गरिंग येथें व्हावयाची. पण तेथील डोंगरांतल्या रस्त्यास कठडे नाहींत म्हणून सारथ्यांनीं तेथें धांवण्याचें नाकारलें, आणि ती होकेनहाइम येथें हलवावी लागली. सारथ्यांनीं एकजुटीनें 'नाहीं' म्हटल्याचें हें उदाहरण आम्हांस या वर्षांतील कोणत्याहि विजयाहून मोलाचें वाटतें. त्या शर्यतींतहि रिंट जिंकला, इक्सला एका सेकंदाहून कमी अंतरानें मागें टाकून. पांच विजय, ४५ गुण. पुढच्या पंधरवड्यांत ऑस्ट्रियामध्यें, स्वतःच्या माणसांसमोर, त्याचें इंजिन बंद पडलें, इक्स जिंकला. त्याचें कोणास फारसें वाईट वाटलें नाहीं. एखाद दुसरा चांगला दिवस, कीं अजिंक्यपद रिंटच्या पदरांत पडणार होतें.

आणि मग मोन्झा.

इटलींतील मिलान शहराजवळच्या उपवनांत हें धांवण्याचें वर्तुळ आहे. १९७० सालीं तेथें अडथळे असे जवळजवळ नव्हतेच. सरळ, लांब रस्ते आणि थोडीं वळणें. तेथें जिंकावयाचें तर सरळ रस्त्यावरचा वेग हवा. गाडीला जमिनीशीं दाबून धरणारे पंख तेथें वेगाच्या आड येतात, म्हणून चॅपमननें ते काढून टाकावयास सांगितलें. रिंटचा जोडीदार जॉन माइल्स यास बिनपंखांची गाडी नकोशी वाटत होती, ती सरळ धांवत नाहीं असें त्यानें सांगितलेंहि. त्याचें चाललें नाहीं. रिंटला मात्र ती पसंत पडली, कारण ती वेगवान होती. ५ सप्टेंबर, शनिवार, सरावाचा दिवस. पाराबोलिका नांवाच्या अखेरच्या मोठ्या वळणापाशीं ब्रेक दाबण्याच्या जागीं त्याची गाडी डळमळली, आणि एकदम डावीकडे वळून कठड्यांत घुसली. डेनी हल्म मागून येत होता, त्यानें हें पाहिलें. या गाडीचे पुढचे ब्रेक चाकांत नव्हते. वजन वांचविण्यासाठीं ते गाडीच्या अंगांत बसविले असून चाकाशीं पोकळ दंडानें जोडलेले होते. उजवीकडचा दंड तुटला होता. पण दंड तुटल्यानें अपघात झाला. मृत्यु आला तो आणखी दोन कारणांनीं. कठडा नीट बसविलेला नसल्यामुळें गाडीचें नाक त्याच्या खालीं शिरून खांबावर आदळलें. आणि रिंटनें खांद्याचे व कमरेचे पट्टे बांधले होते, मांड्यांमधून जाणारे बांधले नव्हते. आग लागल्यास झटकन् बाहेर पडतां यावें म्हणून ते तो बांधीत नसे. धक्क्यासरशीं त्याचें शरीर पुढें, खालीं घसरलें, आणि पट्ट्यानेंच गळा कापला. झंडफोर्टच्या आगीला त्या दिवशीं ७६ दिवस झाले होते.

स्ट्यूअर्ट त्याला पाहून आला, रडला, आणि पुन्हां गाडींत बसून सरावास गेला. हें वाचून आम्हीं पुस्तक कांहीं वेळ मिटून ठेवलें. त्यास निष्ठुर म्हणावें तर सुरक्षिततेसाठीं त्याच्याइतका कोणी भांडला नाहीं, कठड्यांसाठीं, वैद्यांसाठीं, पट्ट्यांसाठीं, आणि त्यापायीं भित्रा म्हणून हिणवून घेतलें. दुसऱ्या दिवशीं शर्यत झाली; फेरारीचा नवा सारथि रेगात्सोनी जिंकला, आणि हर्षभरित इटालियन लोक लोंढ्यानें रस्त्यावर उतरले.

ब्रेक या शब्दाचें महत्त्व धायरीकराला निराळें सांगावें लागत नाहीं. कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंत महामार्गाचा जो उतार आहे त्यावर २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्रीं एका मालमोटारीनें अनेक वाहनांस धडक दिली, हें आमच्या भागांतील कोणी विसरलेला नाहीं. त्या वाहनांत बसलेल्या कोणीहि कसली शर्यत मान्य केलेली नव्हती. कोणी कामावरून घरीं येत होता, कोणी भाजी घेऊन. मोन्झाच्या सारथ्यांविषयीं आम्हांस करुणा वाटते, पण ती या माणसांविषयींच्या करुणेहून निराळ्या जातीची आहे, हें येथें नमूद केलें नाहीं तर लेखांत खोटेपणा राहील. आमच्या गल्लींतील एक तरुण, दुचाकी दामटण्यांत पटाईत, आम्हांस एकदां म्हणाला, "काका, वेग मारत नाहीं, थांबणं मारतं." वाक्य त्याचें स्वतःचें नसावें, पण रिंटची हकीकत वाचल्यावर तें खोटें म्हणवत नाहीं. त्याच्या आईला मात्र आम्हीं तें सांगितलेलें नाहीं.

आतां प्रश्न उरला गुणांचा. मोन्झानंतर तीन शर्यती राहिल्या होत्या, कॅनडा, अमेरिका व मेक्सिको. मृताच्या नांवावर ४५ गुण. ब्रॅबमचे २५, रेगात्सोनीचे २१, इक्सचे १९. लोटसची मंडळी कॅनडास गेलींच नाहींत. तेथें इक्स जिंकला व त्याचे २८ झाले; रेगात्सोनी दुसरा आला. हिशेब केला तेव्हां दिसून आलें कीं, रिंटला ओलांडून जाणें आतां एकट्या इक्सलाच शक्य आहे, आणि तेंहि राहिलेल्या दोन्ही शर्यती जिंकल्या तरच. मग त्याचे होतील ४६. एका गुणानें!

या खेळाच्या इतिहासांत असा एक गुण पूर्वीं एकदां येऊन गेला होता. १९६१ सालीं याच मोन्झांत, याच वळणाच्या तोंडाशीं, फेरारीचा जर्मन सारथि फोन ट्रिप्स १५ प्रेक्षकांसह मरण पावला. तेव्हां तोच गुणांत पुढें होता. त्याचा जोडीदार अमेरिकन फिल हिल हा ती शर्यत जिंकला, आणि त्या विजयानें ट्रिप्सच्या ३३ गुणांपुढें ३४ गुण मिळवून जगज्जेता झाला. पुढें ट्रिप्सची शवपेटी वाहणाऱ्यांत तो होता. मिळालेल्या पदाचा आनंद त्याला कधीं धड साजरा करतां आला नाहीं, हें सांगावयास नकोच.

इक्ससमोर तेंच ताट वाढून ठेवलेलें होतें. तो २५ वर्षांचा होता. फेरारीसारख्या संस्थेचा पगारी सारथि. मुद्दाम हरणें हा धन्याशीं द्रोह, आणि जिंकणें म्हणजे उत्तर देऊं न शकणाऱ्या माणसाकडून कांहीं हिसकावून घेणें. धर्मसंकट हा शब्द हल्लीं फार स्वस्त झाला आहे, परंतु येथें तो योग्य ठरावा. इक्सनें आपलें काम चोख केलें. ४ ऑक्टोबर रोजीं वॉटकिन्स ग्लेन येथें, जेथें रिंटनें वर्षापूर्वीं पहिला विजय मिळविला होता तेथेंच, तो सर्वांत पुढच्या जागेवरून निघाला. शर्यतीच्या मध्यांत त्याच्या गाडीची पेट्रोलची नळी फुटली. दुरुस्तीस थांबावें लागलें, तो पार मागें पडला, आणि तेथून एकेक गाडी ओलांडीत चौथा आला. चौथा म्हणजे ३ गुण. आतां पुढची शर्यत जिंकूनहि रिंटला गांठणें शक्य नव्हतें.

ती शर्यत जिंकली कोणी? इमर्सन फिटिपाल्दी नांवाच्या २३ वर्षांच्या ब्राझिली पोरानें. ही त्याची चौथीच ग्रां प्री. गाडी लोटस, रिंटची होती त्याच घडणीची. पुढें असलेल्या पेद्रो रोद्रिगेसला पेट्रोल घेण्यास थांबावें लागलें म्हणून तो पुढें आला. तिसरा आला लोटसचाच स्वीडिश सारथि, आयुष्यांतील पहिल्या ग्रां प्रींत. अशा रीतीनें मृत सारथ्याचें अजिंक्यपद त्याच्याच दोन नवख्या गडींनीं राखलें. मोन्झाच्या सरावांत शुक्रवारीं फिटिपाल्दीनें रिंटसाठीं आणलेली नवी गाडी त्याच वळणावर आपटून मोडली होती, हें लक्षांत घेतलें म्हणजे या विजयाचें मोल त्याला स्वतःला काय वाटलें असेल याचा तर्क करतां येतो.

मेक्सिकोची शर्यत इक्सनें जिंकली. तेथें प्रेक्षकांची एवढी दाटी झाली कीं लोक रस्त्याच्या कडेवर पाय सोडून बसले होते. स्ट्यूअर्टच्या गाडीखालीं एक कुत्रा आला. त्याच वर्षीं इतके बळी पडल्यावरहि लोकांना तेथें बसावेसें वाटलें, यावर काय लिहावें तें आम्हांस सुचत नाहीं. इक्सचे गुण ४० झाले. पुढें उभ्या आयुष्यांत तो कधींहि जगज्जेता झाला नाहीं, ल मांची शर्यत मात्र त्यानें सहा वेळां जिंकली. १९७० सालचें तें पद आपणांस मिळालें नाहीं याचें आपणांस समाधानच आहे, असें तो वेळोवेळीं सांगत आला आहे. कोणी म्हणेल, हरलेला असेंच म्हणणार. आम्हांस तसें वाटत नाहीं.

चॅपमनविषयीं चार शब्द. त्याच्यावर रिंटच्या मृत्यूचें पाप घालणारे पुष्कळ आहेत. दंड त्याच्या कारखान्यांत घडला. पंख त्याच्या आज्ञेनें निघाले. पण पंख काढलेली गाडी रिंटला आवडली होती, पट्टे रिंटनें सोडले होते, आणि कठडा कोणी तिसऱ्यानेंच बसविला होता. हलकी गाडी जिंकते म्हणून सारथि तिच्याकडे येतात, सारथि येतात म्हणून ती आणखी हलकी होते. या चक्रांत 'स्वखुशी' नक्की कोणत्या आरीवर बसलेली असते हें आम्हांस सांपडलें नाहीं. माइल्सला तें सांपडलें असावें. मोन्झानंतर तो लोटसकडून पुन्हां ग्रां प्रींत उतरला नाहीं. ब्रॅबमनें वर्षाअखेर खेळ सोडला आणि तो २०१४ सालापर्यंत जगला. रोद्रिगेस पुढच्याच वर्षीं जुलैंत गेला. जो सिफर्ट त्याच ऑक्टोबरांत. चॅपमनची ती पाचरीसारखी गाडी आणखी पांच वर्षें धांवली, आणि १९७२ सालीं तिच्यावर बसून फिटिपाल्दी जगज्जेता झाला.

रिंटला ग्रात्सच्या दफनभूमींत पुरलें आहे. १८ नोव्हेंबर १९७० रोजीं पॅरिस येथें समारंभ झाला. चषक घ्यावयास नीना आली होती. तो तिच्या हातीं दिला स्ट्यूअर्टनें. त्या वर्षाचा गुणतक्ता अजूनहि छापला जातो तो असा : रिंट ४५, इक्स ४०, रेगात्सोनी ३३. रिंटच्या नांवापुढें शेवटच्या तीन शर्यतींचे रकाने कोरे असतात.